'ध'चा 'मा' : शोकांतिकेचे वळण आणि बातमीचे सत्य

मराठी माणसाच्या बोलण्यात 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार सहज येतो. हिशेबात कोणी फेरफार केला, निरोप सांगताना कोणी शब्द फिरवला, की आपण तो वापरून मोकळे होतो. त्यामागे एका अठरा वर्षांच्या पेशव्याचे रक्त आहे, ही गोष्ट त्या वेळी सहसा मनात येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना 'धरावे' अशी आज्ञा असलेल्या कागदावर 'ध'चा 'मा' करण्यात आला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. एक अक्षर बदलले आणि एका घराण्याचे, किंबहुना एका राज्याचे, दैव फिरले.

या एका अक्षराच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात एका जुन्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शोकांतिकेचे कथानक ज्या ठिकाणी वळते ते ठिकाण मुलांना कसे दाखवावे? इंग्रजी शिकविणारे अनेक शिक्षक त्यासाठी एक साधा उपाय योजतात. त्या प्रसंगाची वर्तमानपत्रासाठी बातमी लिहा, असे ते विद्यार्थ्यांना सांगतात. वरवर पाहता हा खेळ वाटतो. परंतु महाराष्ट्राचा नाट्येतिहास आणि आपले शुभवर्तमान यांच्याकडे या दृष्टीने पाहिले, तर या खेळात केवढे गांभीर्य दडले आहे हे ध्यानी येते. शोकांतिकेचे वळण पुष्कळदा एखाद्या वार्तेपाशीच असते. ती वार्ता उशिरा पोचते, अर्धवट पोचते, किंवा कोणीतरी ती वाटेत बदलते.

वळण म्हणजे काय?

शोकांतिकेची पहिली मोठी मीमांसा ॲरिस्टॉटलने केली. कथानकातील दोन गोष्टींना त्याने विशेष महत्त्व दिले. पहिली म्हणजे परिस्थितीचा उलटा फेरा. जे हितासाठी केले त्यातूनच अनर्थ ओढवणे. दुसरी म्हणजे ओळख पटणे. अज्ञानाचा पडदा दूर होऊन सत्य समोर उभे राहणे. या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात ती शोकांतिका त्याला सर्वांत सरस वाटली आणि त्यासाठी त्याने सोफोक्लीजच्या 'ईडिपस'चा दाखला दिला.

त्या नाटकातील वळण एका निरोप्याच्या तोंडून येते. कॉरिंथ नगरीचा राजा वारल्याची बातमी घेऊन तो येतो. ईडिपस त्या राजाला आपला पिता समजत असतो. आपल्या हातून पितृहत्या घडेल या भाकिताचा धसका त्याने घेतलेला असतो, त्यामुळे पित्याचा मृत्यू वार्धक्याने झाला हे ऐकून त्याला हायसे वाटते. त्याची उरलेली भीतीही दूर करावी या सद्हेतूने निरोप्या पुढे सांगतो, "तुम्ही त्या राजाचे पुत्र नव्हताच." दिलासा देण्यासाठी सांगितलेल्या या एका बातमीने ईडिपसचे सारे आयुष्य उघडे पडते. बातमी खरी आहे, सांगणाऱ्याचा हेतू चांगला आहे, तरी अनर्थ टळत नाही, कारण अनर्थ आधीच घडून गेलेला आहे. बातमीने तो फक्त दृष्टीस आणला. पंधरा वर्षांच्या मुलाला 'कथानकाचा उत्कर्षबिंदू' ही व्याख्या पाठ करून जे समजत नाही, ते या निरोप्याच्या गोष्टीतून चटकन समजते.

व्हेरोनाच्या चौकातील तीन वृत्तांत

शेक्सपिअरचे 'रोमिओ आणि ज्युलिएट' हे नाटक १५९७ साली प्रथम छापले गेले. त्याच्या तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश हे बातमीलेखनासाठी सर्वाधिक निवडले जाणारे स्थळ आहे. तोवर नाटक जवळजवळ सुखांतिकेच्या वाटेने चाललेले असते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स यांनी रोमिओ व ज्युलिएट यांचा विवाह नुकताच गुप्तपणे लावून दिलेला आहे. या विवाहाने दोन घराण्यांचे वैर मिटेल अशी त्या भाबड्या धर्मगुरूंची आशा आहे. इतक्यात भर दुपारी चौकात ज्युलिएटचा चुलत-मामे नात्यातला भाऊ टिबाल्ट रोमिओला आव्हान देतो. रोमिओ लढण्यास नकार देतो. त्याचा मित्र मर्क्यूशिओ याला तो नामर्दपणा वाटतो आणि तोच तलवार उपसतो. रोमिओ सोडवायला मध्ये पडतो, आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्यूशिओला लागतो. मर्क्यूशिओ मरतो. संतापलेला रोमिओ टिबाल्टला ठार करतो. राजा त्याला हद्दपारीची शिक्षा देतो.

आता याची बातमी लिहावयाची. आपल्याकडे दहावीच्या मराठी विषयात उपयोजित लेखनाखाली बातमीलेखन असतेच. शाळेत वृक्षारोपण झाले, प्रमुख पाहुणे अमुक होते, मुख्याध्यापकांनी आभार मानले, या साच्याची मुलांना सवय असते. व्हेरोनाच्या चौकात मात्र तो साचा उपयोगी पडत नाही, आणि तिथेच खऱ्या शिक्षणाला आरंभ होतो.

पहिला पेच मथळ्याचा. 'चौकात दोघे ठार' असा मथळा द्यावा, 'रोमिओ हद्दपार' असा द्यावा, की 'सोडवायला गेला आणि मित्राच्या मृत्यूस कारण झाला' असा? नाटकात जे मध्यावर असते ते बातमीत पहिल्या ओळीत आणावे लागते. म्हणून मथळा निवडणे म्हणजे वळण कोणते हे ठरविणे होय. मर्क्यूशिओचा मृत्यू हे वळण, असे एक मुलगा म्हणेल. दुसरी मुलगी म्हणेल, रोमिओने तलवार उचलली ते वळण, कारण तोवर त्याला परत फिरता येत होते. वर्गात हा वाद सुरू झाला की शिक्षकाचे निम्मे काम झाले.

दुसरा पेच साक्षीदाराचा. शेक्सपिअरने याच प्रवेशात एक वार्ताहरही आणून ठेवला आहे. राजा येऊन विचारतो, झुंज कोणी सुरू केली? रोमिओचा नातलग बेनव्होलिओ सविस्तर वृत्तांत देतो. तो बराचसा खरा आहे. तथापि तलवार प्रथम मर्क्यूशिओने उपसली, ही गोष्ट त्याच्या सांगण्यातून गळते. उलट बाजूने ज्युलिएटची आई ओरडते, की हा त्यांच्या नात्यातला, हा खोटे सांगतो. वीस जणांनी मिळून एकाचा जीव घेतला. प्रेक्षकांनी तर सारे डोळ्यांदेखत पाहिलेले असते. वीस हा आकडा दुःखाने जन्माला घातला आणि बेनव्होलिओचे मौन आपलेपणाने. दोघेही दुष्ट नाहीत. पुढच्याच प्रवेशात ज्युलिएटची दाई हीच बातमी घेऊन येते. तो मेला, तो मेला, असा आक्रोश ती करते, पण कोण मेला हे सांगत नाही, आणि काही काळ ज्युलिएट रोमिओच मेला असे समजून बसते. एकाच घटनेचे तीन वृत्तांत आणि तिन्ही अपुरे! मुलांनी ते एकाखाली एक लिहून काढावेत, प्रत्येकात काय गळले व काय भरले ते नोंदवावे. एवढ्या अभ्यासातून नाटकाचा अर्धा मर्म हाती येतो.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रोमिओने प्रथम लढण्यास नकार का दिला, हे चौकातील कोणत्याही वार्ताहराला कळू शकत नव्हते. टिबाल्ट आता त्याचा आप्त झाला होता. पण त्या विवाहाची वार्ता मोजक्या चार जणांपलीकडे कोणास नव्हती. म्हणजे सर्वांत प्रामाणिक बातमीतही या शोकांतिकेचे मूळ कारण आले नसते. बातमीची ही मर्यादा उमगली की नाटक कशासाठी असते, हेही मुलांना उमगते.

आणि शेवट? तोही वार्तेनेच होतो. फ्रायर लॉरेन्स यांचे पत्र घेऊन निघालेले फ्रायर जॉन प्लेगच्या संशयाने एका घरात अडकून पडतात. पत्र पोचत नाही. नोकराने डोळ्यांनी पाहून आणलेली ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी मात्र वेगाने पोचते, आणि ती चुकीची असते.

शनिवारवाडा : दोन बातम्या

व्हेरोना ही कविकल्पना. पुण्यातील प्रसंग मात्र खरोखर घडला. गणेशोत्सवाच्या दिवसांत, दुपारच्या वेळी, थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग गारदी आणि त्याचे सोबती वाड्यात घुसले. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. नारायणराव त्यांच्याकडे धावले आणि तिथेच मारले गेले. दुसऱ्या दिवशी पुण्यात एखादे वर्तमानपत्र निघाले असते, तर त्याला काय छापता आले असते? पेशवे मारले गेले, मारणारे गारदी होते, घटना रघुनाथरावांच्या दालनात घडली, एवढेच. 'काका, मला वाचवा' ही आर्त हाक आज प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे; पण ती कोणी ऐकली आणि कोणी सांगितली, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

दुसरी बातमी काही आठवड्यांनी आली, आणि ती आणणारा पुरुष न्यायाधीश होता. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी चालविली. ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात असे म्हटले आहे की, रघुनाथरावांनी सुमेरसिंगाला दिलेला कागद शास्त्रीबोवांच्या हाती लागला आणि त्यात 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केलेले आढळले. हा फेरफार आनंदीबाईंनी केला असा लोकप्रवाद झाला. पुढील काळात अनेक इतिहासकारांनी या प्रवादाविषयी शंका घेतली आहे. रामशास्त्र्यांच्या निर्भयतेविषयी मात्र दुमत नाही. देहान्त हेच या पापाचे प्रायश्चित्त होय, असे त्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले.

विद्यार्थ्यांनी येथे दोन बातम्या लिहाव्यात. एक खुनाच्या दुसऱ्या दिवसाची, दुसरी निवाड्याच्या दिवसाची. पहिलीत 'ध'चा 'मा' हे शब्द येता कामा नयेत, कारण त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरीत आनंदीबाईंचे नाव आले तर 'असे म्हटले जाते' हे शब्द सोडता कामा नयेत. घटना एका दिवशी वळते आणि घटनेचे ज्ञान दुसऱ्या दिवशी, हा ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त मराठी मुलाला आपल्या मातीत असा सापडतो. शिवाय एका स्त्रीवर अडीचशे वर्षे ठेवलेला ठपका पुराव्याच्या कसोटीवर कितपत उतरतो, याचा विचारही तो करू लागतो.

संपादक आणि नाटककार

मराठीत शोकांतिका रुजविणाऱ्यांपैकी दोन मोठे पुरुष वृत्तपत्रकार होते, ही केवळ योगायोगाची बाब मानता येत नाही.

गोपाळ गणेश आगरकर हे न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक आणि जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरचे तरुण महाराज शिवाजीराव यांना संस्थानचे कारभारी बर्वे यांच्याकडून छळ होत असल्याचे आरोप त्या सुमारास 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट असल्याचे खटल्यात दिसून आले. आगरकर व टिळक यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्याच बंदिवासात आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या मराठी भाषांतराचे काम केले. १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले.

या घटनाक्रमाकडे थांबून पाहावेसे वाटते. बनावट पत्रांवर विसंबल्यामुळे तुरुंगात गेलेला संपादक ज्या नाटकाचे भाषांतर करीत होता, त्या नाटकातही एक बदललेले पत्र आहे. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर हॅम्लेट आपल्या सोबत्यांकडील मोहोरबंद खलिता रात्री फोडतो. त्यात आपलाच शिरच्छेद करण्याची आज्ञा आहे असे त्याला दिसते. तो नवा खलिता लिहितो, वडिलांच्या मुद्रेने मोहोर करतो, आणि मृत्यूची आज्ञा खलिता नेणाऱ्या त्या दोघा सोबत्यांवर उलटते. तुरुंगाच्या कोठडीत हा प्रसंग मराठीत आणताना आगरकरांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तुरुंगातून सुटल्यावर ते पुन्हा शिक्षक व संपादक म्हणून कामास लागले, आणि पुढे १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला.

दुसरे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. 'केसरी'च्या संपादकवर्गात ते दीर्घकाळ होते, आणि १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' सुरू केला. त्यांच्या 'कीचकवध' या १९०७ सालच्या नाटकात प्रेक्षकांना तत्कालीन राज्यकर्ते दिसले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. १९०९ साली आलेल्या 'भाऊबंदकी'चा विषय तर हाच होता. नारायणरावांचा खून आणि रामशास्त्र्यांचा निवाडा. रोज बातमीशी झगडणाऱ्या लेखकाला या इतिहासात नाट्य दिसले ते जितके खुनात, तितकेच सत्य उघडपणे उच्चारणाऱ्या न्यायाधीशात दिसले. सत्तेसमोर खरी बातमी सांगणारा माणूस हाच त्या नाटकाचा कणा आहे.

खोडद : तुटलेला संदेश

हा सारा विचार जुन्या नाटकांपुरताच आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच काळातील आणि आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण घेऊ.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस खोडद हे गाव आहे. या मुलखाचा दूरदेशींशी संबंध प्राचीन आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी शिलालेख आजही आहेत. पाण्याची टाकी आणि भोजनमंडप अशी ती दाने आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेले लोक. शोकांतिका ज्या ग्रीक भाषेत जन्मली तिच्या परिसरातील माणसे दोन हजार वर्षांपूर्वी या घाटमाथ्यावर वावरली असावीत, ही कल्पनाच मनोवेधक आहे.

आज खोडद ओळखले जाते ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. काही तबकड्या खोडदजवळ एकत्र आहेत, तर बाकीच्या आसपासच्या गावांच्या शिवारांत दूरवर पसरल्या आहेत.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री आठ वाजून गेल्यावर, या दुर्बिणीने मंगळाकडे कान लावला होता. युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापरेली हे यान त्या ग्रहावर उतरत होते. त्याचा संदेश पृथ्वीवर पोचण्यास दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. तो क्षीण संदेश खोडदला मिळू लागला. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, आणि जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला.

खोडदच्या शाळेतील मुलांना त्या रात्रीची बातमी लिहायला सांगितली तर? पुष्कळशी मुले लिहितील, 'यान कोसळले.' पण त्या रात्री ते कोणास ठाऊक होते? खरी बातमी एवढीच, की संदेश थांबला. दुसऱ्या दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने टिपलेल्या छायाचित्रात ते पडल्याच्या खुणा दिसल्या, तेव्हा दुसरी बातमी झाली. नोव्हेंबरमध्ये कारण पुढे आले, ती तिसरी. कारण असे, की यानाचे फिरणे मोजणाऱ्या उपकरणाचे माप अपेक्षेपेक्षा सुमारे एक सेकंद अधिक काळ टोकाला जाऊन अडकले. त्यावरून यानाच्या गणकाने उंचीचा हिशेब केला तो चुकीचा निघाला. आपण जमिनीच्याही खाली आहोत असे त्या यंत्राने मानले. प्रत्यक्षात ते जमिनीपासून सुमारे ३.७ किलोमीटर उंच होते. त्याने छत्री सोडून दिली, उतरण्याचा वेग आवरणारी इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली, आणि जमिनीवर पोचल्यानंतर करावयाची कामे सुरू केली.

यात मृत्यू कोणाचाही झाला नाही. तरीही शोकांतिकेच्या वळणाची सारी अंगे येथे आहेत. आतल्या आत एक चुकीची वार्ता निर्माण झाली, तिच्यावर विश्वास बसला, आणि त्या विश्वासातून परत न घेता येणारी कृती घडली. पेशव्यांच्या वाड्यात अक्षर बदलले. येथे आकडा बदलला. फरक एवढाच, की शास्त्रज्ञांनी चूक झाकली नाही. त्यांनी ती शोधली, जगापुढे मांडली आणि पुढील मोहिमेसाठी तिचा धडा घेतला.

चार शुभवर्तमानकार, एक अंगण

आपणा ख्रिस्ती कुटुंबांना या विषयात अधिक जवळचा दाखला आहे. 'शुभवर्तमान' या शब्दाचा अर्थच आनंदाची बातमी. झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत मंदिरात वाचला जातो तेव्हा निवेदक, प्रभू येशू, पिलात, पेत्र यांचे शब्द निरनिराळ्या आवाजांत येतात. त्या वृत्तांतातील पेत्राच्या नाकाराचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे, आणि प्रत्येकाने तो आपल्या नजरेने टिपला आहे. मार्कच्या वृत्तांतात कोंबडा दोनदा आरवतो. मत्तय पेत्राच्या बोलीचा उल्लेख करतो. त्याच्या गालीली उच्चारावरून लोक त्याला ओळखतात. लूक एकटाच सांगतो की, त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. योहान कोळशांचा विस्तव आठवतो, आणि ज्याचा कान पेत्राने कापला होता त्याचा एक आप्त तेथे होता, हेही नोंदवतो. चौघांच्या मजकुरात फरक आहेत, पण पेत्राने नाकारले ही मुख्य गोष्ट कोणीही सौम्य केलेली नाही.

ख्रिस्तसभेचा पहिला मेंढपाळ, त्याची सर्वांत लाजिरवाणी रात्र, आणि ती झाकण्याचा मोह किती सहज झाला असता! प्राचीन परंपरेनुसार मार्कने आपले शुभवर्तमान पेत्राच्याच तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून लिहिले. ती परंपरा ध्यानी घेतली तर ही बातमी देणारा साक्षीदार स्वतः पेत्रच ठरतो. यहूदाचा शेवट निराशेत झाला आणि पेत्राला नवे जीवन लाभले. त्या अंगणात पेत्राने सत्य नाकारले आणि नंतर ते सांगितलेही, म्हणून शोकांतिकेकडे वळलेली त्याची कथा पुन्हा फिरली.

शुभवर्तमानात खोट्या बातमीचेही उदाहरण आहे. पुनरुत्थानानंतर पहारेकऱ्यांना पैसे देऊन शिकवण्यात आले की, शिष्यांनी येऊन देह चोरून नेला असे सांगा. मत्तय हे स्पष्टपणे नोंदवतो. दुसरीकडे, खरी बातमी घेऊन आलेल्या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना प्रथम वायफळ वाटले, असे लूक सांगतो. विकत घेतलेली बातमी लोकांत पसरली आणि खऱ्या बातमीवर आपल्याच माणसांनी विश्वास ठेवला नाही. ही स्थिती पहिल्या शतकाइतकीच आजचीही आहे.

मराठीत हा वृत्तांत चारशे वर्षांपूर्वीच आला. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यांच्याच संघाचे फ्रेंच धर्मगुरू एतिएन द ला क्रुवा यांनी संत पेत्राच्या जीवनावर मराठीत पुराण रचले. तेही त्याच शतकात गोव्यात छापले गेले. आपल्या पूर्वजांनी प्रभूची बातमी ओवीत ऐकली, म्हटली आणि जपली. ती बदलू न देता पुढच्या पिढीकडे सोपविणे हेच त्यांचे वार्ताहरपण होते.

आज हे शिकणे का आवश्यक आहे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील होते आणि भिक्षा मागण्यासाठी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा मोबाइलवरील संदेशांतून त्या भागात पसरली होती. संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी अनेकांना आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार. व्हेरोनाच्या चौकातील वीस माणसांचा तो आकडा असाच भीतीतून व दुःखातून जन्मला होता. फरक इतकाच, की राईनपाड्यात पडदा पडल्यावर नट उठून उभे राहिले नाहीत.

पूर्वी बातमी लिहिणे हे मोजक्यांचे काम होते. आज घरातील प्रत्येक लहानमोठ्या माणसाच्या हातात छापखाना आहे. म्हणून बातमीलेखनाचा तास हा परीक्षेतील गुणांपुरता उरलेला नाही. खोटी साक्ष देऊ नये अशी आठवी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. न्यायालयात उभे राहून खोटी साक्ष देण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात येत नाही, पण न तपासलेला निरोप पुढे ढकलण्याचा प्रसंग रोज येतो. त्या वेळी आज्ञा आठवावी, यासाठी हातांना सवय लागली पाहिजे.

ती सवय शाळेत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, किंवा रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरीही लावता येते. एक प्रसंग घ्यावा. पेत्राचा नाकार घ्या, शनिवारवाडा घ्या, व्हेरोनाचा चौक घ्या. मुलांनी त्याची बातमी पंधरा ओळींत लिहावी. मग वडीलधाऱ्यांनी तीनच प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहिले? हे तू जाणतोस की मानतोस? आणि तुझ्या माणसाच्या विरुद्ध जाणारे काही तू गाळलेस काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले लवकर देऊ लागतात. तिसऱ्याला वेळ लागतो. बेनव्होलिओ तिथेच अडखळला. आपणही आपल्या घराण्याविषयी, गावाविषयी, धर्मग्रामाविषयी बोलताना पुष्कळदा तिथेच अडखळतो. मुलांनी हा प्रश्न उलट आपल्याला विचारला, तर त्यांच्यावर न रागावता उत्तर देण्याची तयारी मात्र आईवडिलांनी ठेवावी.